देवदूतांचं तत्त्वज्ञान : बडोद्यातल्या नवख्या वाचकाने सुरुवात कुठून करावी

शरीर नसलेले दोघे ‘दोन’ कसे ठरतात? जे जागाच व्यापत नाही ते ‘कुठे आहे’ असं विचारता येतं का? डोळे-कान नसताना कळतं ते कसं? ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी हे प्रश्न शतकानुशतकं घोळवले आणि त्यासाठी हाताशी धरला तो देवदूत. तुमची श्रद्धा असो वा नसो, या प्रश्नांसाठी तरी हा विषय वाचावाच. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या ओळखीच्या काही जणांनी ‘सुरुवात कुठून करू’ असं विचारलं. त्यांना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. संस्कृतातल्या तर्कशास्त्राची शाळेपुरती तोंडओळख असली तर मात्र मजा दुप्पट.

पहिली पायरी : मूळ उतारे वाचा, चित्रं नंतर

कमाटीबागेतल्या म्युझियमच्या चित्रदालनात युरोपियन तैलचित्रं आहेत, ती जरूर बघा. पण युरोपियन चित्रातलं पंखवालं गुटगुटीत बाळ डोक्यात ठेवून बायबल उघडलंत तर पदोपदी अडखळाल. तसं बाळ बायबलात कुठेच नाही. प्रबोधनकाळातल्या चित्रकारांनी ते रोमन मदनाकडून उचललं.

त्याऐवजी एक संध्याकाळ काढून मराठी बायबलातले हे उतारे याच क्रमाने वाचा. लूकचा पहिला अध्याय : गब्रीएल हा देवदूत आधी म्हाताऱ्या जखऱ्याकडे येतो, मग मरीयेकडे, आणि दोघांनाही ‘भिऊ नको’ असंच म्हणतो. उत्पत्तीचा अठरावा : अब्राहामाच्या तंबूपाशी भर उन्हात तीन पुरुष येतात, पंख नाहीत, तेज नाही, वाढलेलं जेवतातही. यशयाचा सहावा : सराफीमांना सहा पंख, दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय, आणि उडायला उरलेले दोन. यहेज्केलचा पहिला : माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार तोंडं असलेले प्राणी, शेजारी डोळ्यांनी भरलेली चाकं. शेवटी इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय, तिथे देवदूतांना सेवा करणारे आत्मे म्हटलंय.

जेवणारे पुरुष आणि चार तोंडांचे प्राणी, दोन्ही एकाच वर्गात कसे बसवायचे? ही अडचण तुम्हाला जाणवली की समजा पहिली पायरी झाली. पुढचं सगळं तत्त्वज्ञान त्या अडचणीतून निघालंय.

रफाएल या देवदूताची गोष्ट शोधत असाल तर हातातली प्रत कोणाची ते आधी बघा. ती तोबीतच्या ग्रंथात आहे आणि तो ग्रंथ कॅथलिक व ऑर्थोडॉक्स बायबलात असतो, प्रॉटेस्टंट बायबलात नसतो.

दुसरी पायरी : आपली चौकट घाईने लावू नका

‘म्हणजे आपले गंधर्वच की!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता दचकत नाही. गंधर्व, यमदूत, स्वर्गातले देव हे सगळे कर्माच्या हिशेबात असतात. पुण्य संपलं की ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’. ख्रिस्ती देवदूत या हिशेबाच्या बाहेरचा. देवाने त्याला शून्यातून निर्माण केलं, त्याला पूर्वजन्म नाही, तो माणूस होत नाही. आणि माणूसही मेल्यावर देवदूत होत नाही. मृत्युलेखांत तसं लिहितात, पण चर्चची शिकवण ती नाही.

तो छोटा देवही नाही. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात योहान देवदूताच्या पाया पडायला जातो, तेव्हा देवदूतच त्याला अडवतो : असं करू नकोस, मीही सेवकच आहे, देवाला नमन कर.

तिसरी पायरी : शरीराचा वाद समजून घ्या

सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) फार उपयोगी भेद करून ठेवलाय. दूत असणं हे त्याचं काम आणि आत्मा असणं हा त्याचा स्वभाव. कामाबद्दल बायबल भरभरून बोलतं, स्वभावाबद्दल फार थोडं. ती मोकळी जागा तत्त्वज्ञांनी भरली.

सुरुवातीच्या धर्माचार्यांचं एकमत नव्हतं. देवदूतांना हवेसारखं किंवा अग्नीसारखं सूक्ष्म शरीर असावं असं अनेकांना वाटे. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने तोडगा काढला : आपल्या तुलनेत देवदूत अशरीरी, देवाच्या तुलनेत मात्र स्थूलच. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या सभेने, म्हणजे लॅटरनच्या चौथ्या परिषदेने, जाहीर केलं की देवाने आत्मिक आणि भौतिक, म्हणजे देवदूतांची आणि जगाची, अशी दोन्ही सृष्टी शून्यातून निर्माण केली. तरी ‘आत्मिक’ म्हणजे नेमकं काय, हे उरलंच.

आता दोन माणसं लक्षात ठेवा : टॉमस अक्वायनस आणि बोनाव्हेंचर. दोघे एकाच काळात पॅरिसला शिकवत होते, दोघेही १२७४ मध्ये वारले. दोघांच्या हातात ॲरिस्टॉटलची तीच जोडी होती : जडद्रव्य आणि आकार. आकार म्हणजे इथे घाट नव्हे. ज्याच्यामुळे एखादी वस्तू ती वस्तू ठरते, म्हणजे माणसाचं माणूसपण, त्याला आकार म्हणायचं. ते माणूसपण ज्या हाडामांसात उतरतं ते जडद्रव्य.

बोनाव्हेंचर म्हणतो, देवदूत बदलू शकतो, काही स्वीकारू शकतो, तेव्हा स्वीकारणारं काहीतरी त्याच्यात हवंच. त्याला द्रव्यच म्हणा, हवं तर आत्मिक द्रव्य म्हणा. अक्वायनस म्हणतो, नाही. जडद्रव्याचा लवलेश नसलेला निव्वळ आकार म्हणजे देवदूत. बोनाव्हेंचरचा आक्षेप मात्र विसरू नका, सहाव्या पायरीवर तो परत येणार आहे.

चौथी पायरी : एक कलम स्वतः सोडवा

इथे घाई नको. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा.

अक्वायनसच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या प्रचंड ग्रंथाच्या पहिल्या भागात ५० ते ६४ हे प्रश्न देवदूतांवर आहेत. प्रत्येक प्रश्नाची कलमं पाडलेली. इंग्रजी डोमिनिकन संन्याशांनी केलेलं जुनं भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी साधं आहे, रचना मात्र नवख्याला चक्रावते, कारण प्रत्येक कलमाच्या सुरुवातीला लेखक स्वतःला न पटणारीच मतं मांडतो. आपल्या शास्त्रग्रंथांची सवय असेल तर ओळख लगेच पटेल : आधी पूर्वपक्ष, मग उलट बाजूचं एखादं प्रमाणवचन, मग सिद्धान्त आणि शेवटी एकेका पूर्वपक्षाचं खंडन.

पन्नासाव्या प्रश्नाचं चौथं कलम घ्या : देवदूत एकाच जातीचे की वेगवेगळ्या? (जात म्हणजे इथे घोडा, गरुड, माणूस अशी प्रजाती.)

पहिला पूर्वपक्ष असा. सगळ्या देवदूतांमधली श्रेष्ठ गोष्ट एकच, बुद्धी. श्रेष्ठ अंशात जे एक ते जातीनेही एकच असणार. चौथा पूर्वपक्ष याहून चटपटीत. जे जितकं परिपूर्ण, ते तितकं जास्त संख्येनं असायला हवं, मग एका जातीत एकच देवदूत ठेवला तर ते कसं साधायचं?

सिद्धान्त वाचताना पेन्सिल हातात ठेवा. एका जातीच्या दोन व्यक्ती आकाराने सारख्या असतात, त्यांना वेगळं करतं ते द्रव्य. दोन माणसांचं माणूसपण तेच, हाडंमांस निराळं, म्हणून ते दोघे. पण द्रव्यच काढून टाकलं तर? अक्वायनस इथे पांढरेपणाचं उदाहरण देतो. पांढऱ्या वस्तू अनेक असतात. पण कुठल्याच वस्तूत नसलेला, सुटा पांढरेपणा कल्पिला तर तो एकच असेल, दोन सुटे पांढरेपणे असूच शकत नाहीत. देवदूत हा तसाच सुटा आकार. म्हणून एका जातीचे दोन देवदूत अशक्य. गब्रीएल आणि मीखाएल हे दोन माणसांसारखे वेगळे नाहीत, घोडा आणि गरुड वेगळे असतात तसे आहेत. प्रत्येक देवदूत ही आपल्यापुरती एक अख्खी जात.

आता चौथ्या पूर्वपक्षाचं खंडन बघा. श्रीमंती जातींच्या संख्येत, एकाच जातीच्या प्रती काढण्यात नाही. पहिल्या पूर्वपक्षाचं उत्तर वाचण्याआधी पान झाका आणि स्वतः चार ओळी लिहून बघा. जमलं नाही तरी पुढचं वाचन वेगळंच होतं.

पाचवी पायरी : वैशेषिकांना बोलवा

वैशेषिक म्हणजे कणादाच्या परंपरेतले आपले तत्त्वज्ञ. बडोद्याच्या वाचकाला त्यांचा फायदा घरबसल्या आहे. प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९६१ साली कणादाची वैशेषिक सूत्रं चंद्रानंदाच्या टीकेसह छापली, संपादक मुनी जंबुविजयजी. तेवढ्या खोलात जायचं नसेल तर तर्कसंग्रहातली एक ओळ पुरे : ‘नित्यद्रव्यवृत्तयो विशेषास्त्वनन्ता एव’, म्हणजे विशेष हे नित्य द्रव्यांत राहतात आणि ते अनंतच आहेत. (द्रव्य म्हणजे इथे अक्वायनसचं जडद्रव्य नव्हे. गुण ज्यात राहतात ते द्रव्य, आणि आत्माही त्यात येतो.)

वैशेषिकांपुढे प्रश्न तोच होता. मुक्त झालेले दोन आत्मे, देह गेलेला, सुखदुःख गेलेलं, मग ते दोन कसे? त्यांचं उत्तर : प्रत्येक नित्य द्रव्यात त्याचा स्वतःचा ‘विशेष’ असतो, तोच त्याला इतरांपासून वेगळं करतो. विशेषाला वेगळं करायला आणखी काही लागत नाही.

अक्वायनसला हे पटलं नसतं. पण त्याच्यानंतरच्या पिढीतल्या डन्स स्कोटसला (मृत्यू १३०८) बहुधा पटलं असतं. तो म्हणतो, प्रत्येक व्यक्तीत ‘हीच’ असं ठरवणारं एक तत्त्व असतं आणि ते द्रव्यावर अवलंबून नाही. तेव्हा एका जातीचे अनेक देवदूत असायला काहीच हरकत नाही. कणादाच्या परंपरेशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. प्रश्नच तसा आहे की दोन ठिकाणची माणसं एकाच दाराशी येऊन पोचली. माझा कल स्कोटसकडे आहे, हे कबूल करून टाकतो. अक्वायनसचा युक्तिवाद देखणा आहे, पण देवाला दुसरा गब्रीएल निर्माणच करता येणार नाही, हे निष्पन्न पचत नाही.

ते तेव्हाही पचलं नव्हतं. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचे बिशप एतियेन तांपिए यांनी २१९ मतं निषिद्ध ठरवली. द्रव्यावाचून देव एका जातीच्या अनेक व्यक्ती निर्माण करू शकत नाही, हे मत त्यांत होतं. अक्वायनसला जाऊन त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. पुढे १३२३ मध्ये तो संत ठरला आणि १३२५ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी त्याच्या मतांपुरता तो निषेध मागे घेतला.

सहावी पायरी : मग देव आणि देवदूत यांत फरक काय?

द्रव्य नाही, शरीर नाही, मरण नाही. मग हा देवच झाला की! बोनाव्हेंचरला हीच भीती होती, म्हणून त्याने आत्मिक द्रव्य आणलं. अक्वायनसने दुसरीकडून वाट काढली. तरुणपणी लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात तो म्हणतो : फिनिक्स पक्षी म्हणजे काय ते मला कळू शकतं आणि तरी तो खरोखर आहे की नाही हे ठाऊक नसू शकतं. म्हणजे एखादी वस्तू ‘काय आहे’ आणि ती ‘आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी. देवदूतातही त्या वेगळ्याच. त्याचं स्वरूप परिपूर्ण असलं तरी असणं त्याला मिळालेलं आहे. फक्त देवाच्या ठायी स्वरूप आणि असणं एकच.

बोनाव्हेंचरला हवं असलेलं ‘स्वीकारणारं काहीतरी’ इथे सापडलं : स्वरूपच अस्तित्व स्वीकारतं, द्रव्य कशाला हवं? हा परिच्छेद दोनदा वाचा. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वमीमांसेचा मोठा भाग या एका भेदावर उभा आहे.

सातवी पायरी : जागा

सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात, हा प्रश्न मध्ययुगातले पंडित चघळत बसायचे असं सर्रास सांगतात. या रूपात तो मध्ययुगीन ग्रंथांत सापडत नाही. सुईची थट्टा सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट लेखकांकडून आली. अक्वायनसने विचारलेला प्रश्न कोरडा आहे : अनेक देवदूत एकाच वेळी एकाच जागी असू शकतात का?

उत्तरासाठी आधी ‘जागी असणं’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं. वस्तू जागा व्यापून असते, देवदूत तिथे आपली शक्ती लावून असतो. गायकवाडी अमलात महाराज बडोद्यात आणि हुकूम अमरेलीत चालायचा, साधारण तसं. पण उपमा इथेच सोडा, कारण महाराजांचा देह बडोद्यातच राही, देवदूताचा मागे उरायला देहच नाही. जिथे त्याची शक्ती, तिथेच तो. आणि एका परिणामाची दोन पूर्ण, थेट कारणं असू शकत नाहीत, म्हणून एका जागी एकच देवदूत. सुईच्या टोकाचा हिशेब अक्वायनसच्या मते असा : एक.

अब्राहामाकडे जेवलेल्यांचं काय? एक्कावन्नाव्या प्रश्नात तो म्हणतो, ती शरीरं हवा दाट करून तात्पुरती धारण केलेली होती. जेवण दिसलं, पण अन्न अंगी लागलं नाही, म्हणून ते खरं जेवण नव्हे. पटो न पटो, पहिल्या पायरीवरची अडचण तो टाळत नाही.

आठवी पायरी : ज्ञान आणि पतन

आपण एकावरून दुसरं ताडतो, धूर पाहून अग्नी. देवदूताला अनुमान करावं लागत नाही. तत्त्व दिसलं की त्यातला निष्कर्ष त्याला त्याच क्षणी दिसतो. इंद्रियं नसल्यामुळे कल्पना बाहेरून येत नाहीत, देवाने त्या निर्माण करतानाच घातलेल्या असतात. देवदूत जितका वरचा, तितक्या कमी कल्पनांत त्याला जास्त कळतं.

तरी दोन गोष्टी त्याला कळत नाहीत : ज्या घडतीलच असं नाही अशा पुढच्या घटना, आणि माणसाच्या मनातले विचार. वैद्य नाडीवरून मनाची खळबळ ओळखतो, तसा तोही बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधू शकतो, इतकंच.

सैतान हा मूळचा देवदूतच. इतकं स्वच्छ कळणारा चुकला कसा? अक्वायनसचं उत्तर : अज्ञानाने किंवा वासनेने नव्हे, गर्वाने. देवासारखं होणं त्याला स्वतःच्या बळावर हवं होतं. आणि पश्चात्ताप का नाही? माणूस निर्णय बदलतो, कारण त्याला नंतर आणखी काही कळतं. देवदूताला सगळं एकदम दिसतं, म्हणून त्याची निवड कायमची. दमास्कसच्या योहानाचं वचन तो इथे देतो : माणसाला जसं मरण, तसं देवदूताला पतन.

नऊ गणांबद्दल

सराफीम, करूबीम, सिंहासनं... अशी नऊ श्रेणींची यादी तुम्हाला भेटेलच. ती ‘डायोनिशियस’ या नावाने लिहिणाऱ्या, पाचव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराच्या अज्ञात लेखकाने तीन-तीनच्या गटांत लावली. पाठ करू नका. पोप ग्रेगरी यांचा क्रम वेगळा आहे आणि प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनला ही सगळी मांडणीच निरर्थक वाटे.

बडोद्यात काय कराल

युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत आणि मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचे इतिहास मागा. देवदूतांवरचं स्वतंत्र पुस्तक नाही मिळालं तरी अक्वायनसवरचं प्रकरण चालेल. फतेगंजला चर्च आहेत. कोणाशी बोलायचं असेल तर रविवारची उपासना संपू द्या, मग विचारा. २९ सप्टेंबर हा कॅथलिकांकडे मीखाएल, गब्रीएल आणि रफाएल यांचा सण, २ ऑक्टोबर रक्षक देवदूतांचा. त्या सुमाराला गेलात तर बोलणं सहज निघतं. प्रॉटेस्टंट माणसाला मात्र ‘तुमचा रक्षक देवदूत कोण’ असं विचारू नका.

मोबाईलवर ११११ दिसलं की देवदूताचा संदेश आला, हे जे फिरतं त्याचा या विषयाशी संबंध नाही. देवदूतांना नवनवी नावं देणाऱ्या पुस्तकांपासूनही लांब राहा. कॅथलिक चर्च वरची तीनच नावं मानतं आणि बाकीची ठेवू नका असं स्पष्ट सांगतं.

चौसष्टावा प्रश्न संपला की थेट १०७ वर उडी मारा : देवदूत एकमेकांशी बोलतात कसे? जीभ नाही, मध्ये हवा नाही. मनातली गोष्ट दुसऱ्याला कळावी अशी इच्छा केली की बोलणं झालं, आणि अंतराची त्यात आडकाठी नाही. पाचव्या कलमात त्याने हेही विचारलंय की दोघांचं बोलणं बाकीच्यांना ऐकू जातं का. त्याचं म्हणणं, जाईलच असं नाही, कारण कोणाला सांगायचं ते बोलणाऱ्याच्या इच्छेवर असतं.